नोहाच्या बाजूचे मास्तर

पापाविषयी इतक्या आनंदाने बोलणारा माणूस अख्ख्या पनवेलात आमच्या शेजारच्या मास्तरांखेरीज दुसरा झाला नाही. मास्तर बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. शाळेत ते भूमिती शिकवायचे, मी चित्रकला. नियम खोटा ठरवायला एक उलट उदाहरण पुरतं, हे मुलांना सांगता सांगता त्यांनी बायबलही तसंच वाचायला घेतलं होतं. शलमोन राजा देवाला सांगतो की पाप करत नाही असा माणूसच नाही. आणि तेच शास्त्र प्रलयातून वाचलेल्या नोहाला निर्दोष म्हणतं, सगळं गमावूनही देवाला न सोडणाऱ्या ईयोबाला सरळ माणूस म्हणतं. "मग खरं काय?" हा प्रश्न त्यांनी मला वाण्याच्या दुकानात विचारला, न्हाव्याच्या खुर्चीतून विचारला आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत, जिलबी वाढणाऱ्याला थांबवून विचारला. उत्तर त्यांचं त्यांच्याकडे तयार असे. निष्पाप माणूस असतो, फक्त शोधावा लागतो.

दरवर्षी त्यांचा दारफळणीचा सण यायचा. त्या दिवशी ही मंडळी पांढरे कपडे घालून कडक उपवास करत, देवाची करुणा भाकत आणि घराची दारं लावून घेत. त्याआधी ज्यांना दुखावलं असेल त्यांची क्षमा मागायची. बाकीचे चार घरं फिरून येत, मास्तर बाजार पालथा घालत. एकदा ते भाजीवाल्या आगरी बाईपुढे हात जोडून उभे राहिले.

"तुमी माजं काय केलंय, मास्तर? काय पन नाय!"

"गेल्या महिन्यात तुझी भेंडी जून आहे, असं मी मनात म्हणालो."

"आवं, जूनच व्हती ती!"

मास्तर इतके खूश झाले की त्यांनी तिच्याकडून आणखी शेरभर भेंडी घेतली. तीही जून निघाली.

अशा माणसाने एका वर्षी सख्ख्या धाकट्या भावाशी बोलणं टाकलं. भाऊ पोस्टात कारकून, राहायचा त्याच घराच्या दुसऱ्या भागात. मध्ये एकच ओटी. जेवताना तो म्हणाला, "दादा, तुझा नोहासुद्धा द्राक्षारस पिऊन तंबूत पडला होता. निष्पाप कुणीच नसतो." मास्तर ताटावरून उठले ते उठलेच. पुढे पाच महिने दोघे एकाच ओटीवर बसून माझ्यामार्फत भांडले. "त्याला सांगा, ते प्रलयानंतरचं आहे!" "त्याला सांगा, प्रलयानंतरही नोहा तोच होता!" निरोप्याचं काम करून मला अर्धंअधिक बायबल पाठ झालं.

त्यातच भाऊ इस्रायलला जायला निघाला. सण झाला की आठवड्यात बोट. तरी मास्तर हलेनात. क्षमा मागितली तर चूक कबूल, आणि चूक कबूल केली तर त्यांना अखेर सापडलेला निष्पाप माणूस, म्हणजे ते स्वतः, हातचा जाणार! सणाच्या आदल्या संध्याकाळी, उजेड सरत आला तेव्हा त्यांची बायको पांढरं लुगडं नेसून दारात आली.

"नोहाच्या बाजूने बसा नाहीतर शलमोनाच्या," ती म्हणाली, "पण आता मी दार लावणार. पुढच्या वर्षी पलीकडच्या दारात कोण असेल?"

मास्तर उठले. ओटी ओलांडायला सहा पावलं. मला ती फार लांब वाटली.

"तुझं खरं," ते भावाला म्हणाले. "एकही निष्पाप नाही. मीसुद्धा नाही."

भावाने वाकून त्यांचे पाय धरले. "नाही दादा, चुकलास. एक आहे. मी लहानपणापासून बघतोय त्याला."

"नाहीच म्हणतो ना!"

"आहे!"

बाजू उलट्या करून दोघे रडत रडत पुन्हा भांडू लागले. शेवटी वहिनीने दोघांना दंडाला धरून आपापल्या घरात घातलं, तेव्हा कुठे दारं लागली. मी ओटीवर एकटाच हसत बसलो होतो आणि डोळे पुसत होतो.

भाऊ गेला. मास्तरांनी "मग खरं काय?" विचारणंच सोडून दिलं. मला ते बघवेना. एका संध्याकाळी त्यांना डिवचायला म्हणून मी मुद्दाम म्हटलं, "मास्तर, काही म्हणा, निष्पाप माणूस कुणीच नसतो."

मास्तरांनी पलीकडच्या बंद दाराकडे पाहिलं.

"तुम्ही नका म्हणू," ते हळूच म्हणाले. "ते वाक्य त्याचं आहे."