सासूबाईंसोबत दुसऱ्या मुरूडला

प्रकाशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आम्हाला लातूरच्या बसस्थानकात पुण्याच्या गाडीत बसवलं तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. खिडकीतून पाण्याची बाटली आत देत तो म्हणाला, “पोचल्यावर फोन करा.” दिवाळीच्या सुट्टीतली ही सहल त्यानंच ठरवली होती: दोन दिवस महाबळेश्वर, तीन दिवस कोकणात दापोलीजवळच्या मुरूडला. ऐनवेळी त्याची रजा रद्द झाली. खोल्या ठरलेल्या, तिकिटं काढलेली. “तुम्ही दोघी जा,” असं तो जेवताना सहज म्हणाला आणि ते तसंच ठरून गेलं.

दोघी म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई. आईंचं वय बहात्तरच्या आसपास. माहेर भोकरकडचं, सासर चाकूर तालुक्यातलं. उभा जन्म दुसऱ्यांच्या शेतात खुरपण्यात गेला. एकवीस वर्षं आम्ही एका घरात राहतोय, पण आमचं बोलणं दूध तापलं का, नळ आला का, एवढंच. भांडण कधी झालं नाही. भांडायलासुद्धा थोडं बोलावं लागतं. सहा दिवस आता काय बोलायचं, याचीच मला धास्ती होती.

मी लातूरच्या एका शाळेत भूगोल शिकवते. भरती-ओहोटीचा धडा सोळा वर्षं शिकवत आलेय, फळ्यावर चंद्र आणि सूर्य काढून. समुद्र मात्र पाहिला नव्हता.

पहिला घोटाळा तासाभरातच झाला. गाडी बार्शी रस्त्यावरच्या मुरूडला थांबली. कंडक्टरनं नाव पुकारलं आणि आई पिशवी घेऊन दाराकडे निघाल्या.

“आई, कुठं?”

“मुरूड आलं की. पक्या मुरूडच म्हनला न्हाई का?”

“ते मुरूड वेगळं, आई. समुद्राकाठचं. तीन दिवसांनी येईल.”

त्या परत येऊन बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “एवढ्या जवळ समुद्र असंल तर आधीच बघितला असता, असं मी म्हनतच हुते मनात.” मला हसू आलं, त्यांनाही आलं.

पुण्यात माझ्या मावशीकडे मुक्काम करून दुसऱ्या दुपारी महाबळेश्वरला पोचलो. नोव्हेंबरची थंडी आणि हिरवी दाट झाडी. लोक ‘पॉइंट’वर उभे राहून दरीचे फोटो काढत होते. आईंनी एकदा खाली पाहिलं आणि त्या रस्त्याकडेच्या शेताकडे वळल्या. स्ट्रॉबेरीची रोपं प्लास्टिकच्या कागदातून वर काढलेली. त्यांनी वाफ्यातली चिमूटभर लाल माती बोटांत चोळून पाहिली. “ही माती व्हय? ढेकूळच होईना हिचं,” म्हणाल्या आणि लुगड्याला हात पुसला.

तिसऱ्या दिवशी प्रतापगड. मी नवे स्पोर्ट्स शूज घेतले होते, आईंच्या पायांत रोजच्या चपला. पायऱ्या निम्म्या झाल्या तोवर माझ्या दोन्ही टाचांना फोड आले. आई पुढे जाऊन दर वळणावर थांबत. शेवटी त्या खाली उतरून आल्या.

“काढ ते बूट. माझ्या चपला घाल.”

“आणि तुम्ही?”

“मला काय हुतंय.”

त्या अनवाणी चढल्या. वर एक बाई ताक विकत होती. तिनं विचारलं, “कुठून आलात, आजी?”

“लातूरहून.”

“लातूर म्हणजे ते भूकंपाचं?”

“हाव,” आई म्हणाल्या, “पन आता डाळीचं बी हाय. पानी कुठनं आनता हो तुमी इथं?”

मग ताकवालीनं पाण्याच्या सगळ्या कहाण्या सांगितल्या, कुठलं टाकं (खडकात खोदलेला हौद) कधी आटतं, खालून पाणी कसं चढवतात. आईंनी मन लावून ऐकलं. किल्ल्याचा इतिहास सांगणाऱ्या माणसापाशी त्या दोन मिनिटंही थांबल्या नव्हत्या.

चौथ्या दिवशी आंबेनळी घाट उतरताना मला मळमळलं. आईंनी पिशवीतून भाजलेले जवस काढून दिले. खेडला गाडी बदलली, दापोलीला पुन्हा बदलली, आणि दुपार कलताना उतारावरच्या एका वळणावर नारळांच्या शेंड्यांवरून तो दिसला. मला वाटलं होतं निळा असेल. तो करड्या रंगाचा होता, वाळत घातलेल्या चादरीसारखा सपाट.

सामान टाकून आम्ही पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) गेलो. आई पाण्यापासून दहा पावलांवर उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “हे थांबत न्हाई का?”

“नाही.”

“कवाच?”

मी त्यांना चंद्राचं आकर्षण सांगायला लागले.

“चंद्राचं ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “मला बघू दे.”

जेवणात सुरमईचं कालवण आणि तांदळाची भाकरी. ती पांढरीशुभ्र, मऊ भाकरी आईंनी उचलून उजेडात धरली. “ही भाकर हाय का धुतलेलं फडकं?” वाढणाऱ्या काकू हसत सुटल्या. पण मासा आईंनी ज्या सफाईनं खाल्ला, एकेक काटा ताटाच्या कडेला रांगेत लावत, ते मी पाहत राहिले. आमच्या घरी मासा वर्षातून एखाद्या वेळी येतो.

पाचव्या दिवशी हर्णैहून होडीनं सुवर्णदुर्गाला गेलो. किल्ला समुद्रात, काठापासून थोडा आत. होडीत आम्ही दहा-बाराजण होतो, सगळ्यांना नारिंगी लाइफ जॅकेट दिलेली. आईंना त्याचे पट्टे आवडेनात, तरी त्यांनी घातलं. किल्ल्याची भिंत जवळ आली तसा मी फोटोसाठी उभी राहिले आणि माझ्या जॅकेटचा पट्टा सोडला. तो पट्टा फोटोत येत होता, एवढंच कारण. नावाडी ओरडला, “ताई, बसून घ्या, लाट येतेय!” मी उभीच राहिले. होडी आडवी हलली आणि मी पलीकडच्या बाजूला पाण्यात पडले.

पाणी फार खोल नव्हतं, छातीपर्यंत असेल. पण हे नंतर कळलं. त्या वेळी मला खाली-वर कळेना. जॅकेट निघून गेलं होतं. पाय टेकला असं वाटलं आणि लाटेनं पुन्हा उलटं केलं. नाकातोंडात खारट पाणी गेलं. डोळे उघडले तर सगळं मातकट. मला आठवतं, भीतीच्या आधी शरम वाटली, की एवढ्या लोकांसमोर.

मग कुणीतरी वेणी धरून जोरात ओढलं. डोकं वर आलं. एक हात माझ्या हनुवटीखाली होता, आणि कानाशी आवाज, “धरू नगंस मला. गप पड. गप पड म्हनते न्हाई का!”

त्या आई होत्या. मी त्यांना मिठी मारायला बघत होते आणि त्या मला लांब ठेवत होत्या, पाठीवर झोपवून, एका हातानं पाणी कापत. नावाड्यानं दोर टाकेपर्यंत त्यांनी मला वाळूपाशी आणलं होतं. तो म्हणाला, “आजी, तुम्ही कोळ्यांच्या काय?” आई म्हणाल्या, “न्हाई. लातूरच्या.”

मी वाळूवर बसून खोकत होते. आई लुगड्याचा सोगा पिळत होत्या. बाकीचे लोक किल्ला बघायला गेले. आम्ही दोघी तटाच्या सावलीत बसलो.

“आई, तुम्हाला पोहता येतं?”

“आता दिसलं न्हाई का?”

“कधी शिकलात?”

त्या पाण्याकडे बघत बोलल्या. भोकरकडच्या त्यांच्या गावात विहीर होती, पण तिच्यावर त्यांच्या घरच्यांना चढू देत नसत. नंतर आपण बौद्ध झालो, पण विहिरीवरचं लगेच बदललं नाही. “नदी मात्र कुनाच्या बापाची नव्हती. आमी पोरी दुपारभर तिच्यातच. मी डोहाच्या तळाची वाळू मुठीत घेऊन वर यायचे. माझा बाप मासं धरायचा, मी जाळं सोडवायला बुडी मारायचे.” चौदाव्या वर्षी लग्न झालं. सासरच्या गावाला नदीच नव्हती. त्यानंतर त्या पाण्यात उतरल्या त्या आज.

“कधी सांगितलं नाही तुम्ही.”

“लातुरात काय सांगू? आठ-आठ दिसाला नळ येतो तिथं.”

मी हसले आणि लगेच रडू आलं. त्यांनी माझ्या पाठीवर दोन थापट्या मारल्या, खोकला थांबावा म्हणून मारतात तशा. “बास आता. माझं बी काळीज हातभर वर आलं हुतं. पक्याला काय तोंड दाखवलं असतं मी?” मग सोगा पुन्हा पिळत म्हणाल्या, “आन् मलाच कसं करमलं असतं गं त्या घरात.”

परत येताना मी होडीत मधोमध बसले, दोन्ही हातांनी फळी धरून.

दुसऱ्या सकाळी ओहोटीच्या वेळी आई मला पाण्यात घेऊन गेल्या. मला जायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, “आज न्हाई उतरलीस तर कवाच उतरनार न्हाईस.” कंबरभर पाण्यात त्यांनी माझ्या पाठीखाली हात धरला. “मान सोड. पानी धरायचं नसतं, त्याच्यावर निजायचं.” पहिल्या चार वेळा मी बुडाले. पाचव्या वेळी कानात पाणी शिरलं, सगळे आवाज बंद झाले, आणि वर फक्त आभाळ उरलं. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मान वळवली तेव्हा त्यांचे दोन्ही हात त्यांच्या कमरेवर होते.

लातूरला परतलो त्या संध्याकाळी शेजारच्या दोघीतिघी आल्या. प्रकाशनं चहा केला. “कसा होता समुद्र, मावशी?” एकीनं विचारलं.

“चांगला होता की,” आई म्हणाल्या. “सुरेखानं लई जपलं मला. होडीत बी हाताला धरून बसवलं, उतरवलं. मला म्हातारीला काय जमतंय.”

त्या माझ्याकडे न बघता बशीत चहा ओतत होत्या. बायका कौतुकानं माझ्याकडे बघायला लागल्या. गप्प बसणं सोपं होतं, आणि त्यांनी ते माझ्यासाठीच सोपं केलं होतं, हेही मला कळत होतं.

“तसं नाही झालं,” मी म्हणाले. “मी बुडत होते. आईंनी उडी टाकून मला बाहेर काढलं.”

प्रकाशनं हातातला ट्रे खाली ठेवला. तो पन्नाशीला आलाय.

“आई,” त्यानं विचारलं, “तुला पोहता येतं?”

“येतं,” आई म्हणाल्या, आणि बशी तोंडाला लावली.

लोक विचारतात, तिकडे पाहण्यासारखं काय काय आहे. मी घाट सांगते, किल्ले सांगते, कुठं उतरावं, काय खावं तेही सांगते. तिकडे घरचं माणूस बरोबर न्यावं की नाही, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवावं. मी नेलं होतं, आणि परत आल्यावर आमच्या तिघांचं जेवण पहिल्यांदाच दीड तास चाललं.