तीन पडदे आणि एक बीम

रुपया रोज हलायला लागला होता तेव्हाची गोष्ट. सुरतेतल्या हिऱ्यांच्या एका पेढीत मी कारकून होते. पैलू पाडलेले हिरे बाहेरदेशी जायचे, डॉलर यायचे, आणि ते नेमके कुठल्या घडीला विकायचे यावर शेटचा जीव खालीवर व्हायचा. डॉलरचा ताजा भाव कळवणाऱ्या तीन कंपन्या दारात आल्या होत्या. एकीचा भाव टेलिफोनच्या तारेवरून पडद्यावर यायचा, दुसरीचा पेजरवर आणि तिसरीला फोन करून विचारावा लागायचा. कुठली घ्यायची, हे शेटनी माझ्यावर सोपवलं. ऑफिसातल्या पुरुषांची तोंडं आंबट झाली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! नोकरी अजून कच्ची होती आणि हे काम जमलं तर ती पक्की होणार होती.

मी एक वही केली. दर पाव तासाला तिन्हींचे भाव शेजारी शेजारी लिहायचे, मध्येच मुंबईच्या बँकेतल्या साहेबाला फोन लावून ताळा करून पाहायचा. पंधरा दिवसांत तिघांत पैशाचाही फरक निघाला नाही. मी शेटना छातीठोकपणे सांगितलं, तिन्ही खरे आहेत, पडदा घ्या, तो सगळ्यात झटपट आहे. शेट म्हणाले, "बेन, तमे कहो ए फायनल." तीन वर्षांचा करार, सगळे पैसे आगाऊ. सही शनिवारी ठरली.

गुरुवारी दुपारी डॉलर एकदम दोन रुपयांनी पडलेला दिसला. पडद्यावर आणि पेजरवर एकाच मिनिटाला, आणि फोन करून विचारलं तर तिसरीकडेही तोच. मी लगेच बँकेला फोन लावला. बँकेतला साहेब हसला. "काही पडलं नाही हो. माझ्याही पडद्यावर तसंच आलंय. कुणाचं तरी बोट चुकलं असेल." पाच मिनिटांत आकडे जागेवर आले, तेही तिन्हीकडे एकदमच.

संध्याकाळी सुरतेजवळच्याच डिंडोलीला घरी गेले आणि हा किस्सा वडिलांना रंगवून सांगितला. वडील पॉवरलूमच्या कारखान्यात माग चालवायचे. मी म्हणाले, "बघा, चुकले तरी तिघं मिळून चुकतात, इतके पक्के आहेत!" वडील पाय धूत होते. मान वर न करता आपल्या अहिराणीत म्हणाले, "तीन मागवर एकच जागे धागा तुटना तं माग काय देखतीस? बीम कोठे भरेल शेत ते देख."

बीम म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ. तो मागावर चढण्याआधी दुसरीकडे भरला जातो; वडिलांचं म्हणणं, माग काय बघतेस, बीम कुठे भरलेत ते बघ. मी ताटावर बसले आणि ते लक्षात आलं. पंधरा दिवस मी भाव पडताळत नव्हते. एकाच माणसाला तीन दारांतून तोच प्रश्न विचारत होते, आणि बँकेतला साहेबही त्याच पडद्यावरून वाचून मला सांगत होता. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल.

शुक्रवारी तिन्ही कंपन्यांना फोन करून सरळ विचारलं, तुमचा भाव येतो कुठून? दोघांनी गोल गोल उत्तरं दिली. फोनवाला बिचारा भला होता. म्हणाला, मुंबईत एकच जागा आहे, आम्ही सगळे तिथूनच उचलतो.

शनिवारी शेटनी पेन उघडलं होतं. मी म्हणाले, "सही करू नका. माझं चुकलं." सगळं सांगितलं. मग पुढचंही सांगितलं. करार वर्षाचाच करा, पडद्यावरच्या आकड्याला नुसता अंदाज समजा, आणि विकायच्या वेळी दोन बँकांना फोन करून एवढंच विचारा की आत्ता, या घडीला, आमचे डॉलर तुम्ही कितीला घ्याल? जो घ्यायला तयार आहे त्याचाच भाव खरा.

शेटनी पेनाला टोपण लावलं. "आ तमने कोणे शिखवाड्युं?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "माझं मलाच सुचलं."

त्याच महिन्यात नोकरी पक्की झाली. वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले. ज्याला त्याला सांगत होते, पोरीने एकटीने चूक पकडली, शेटलाही कळली नव्हती ती. मी शेजारीच उभी होते, आणि गप्प राहिले.