दूध तोडलं तेव्हा

मुलगी सात महिन्यांची होती. वारासिवनीच्या घरी मी तिला पाजत बसले होते आणि मोठी जाऊ समोर तांदूळ निवडत होती. तीच म्हणाली, "तुह्या गळ्याले काय दिसून राह्यलं?" हात लावला तर सुपारीएवढी गाठ. दुखत नव्हती. बालाघाटच्या डॉक्टरांनी बाळंतपणानंतर थायरॉइड सुजतं म्हणत गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी कानाखाली दुसरी गाठ आली, तेव्हा नवरा मला नागपूरला घेऊन गेला. गाठीत सुई घालून तपासणी झाली. थायरॉइडचा कॅन्सर निघाला. मी सव्वीस वर्षांची होते.

हा त्यातल्या त्यात चांगला कॅन्सर, असं तिथले डॉक्टर म्हणाले. 'चांगला' हा शब्द घरातल्या सगळ्यांनी धरून ठेवला. मला तो धरता आला नाही.

ऑपरेशन करून अख्खी ग्रंथी आणि मानेतल्या गाठी काढल्या. शुद्धीवर आले तर आवाज घोगरा झालेला, दुसऱ्या दिवशी ओठांना मुंग्या. रक्तातलं कॅल्शियम उतरलं होतं, ते सलाईनमधून दिलं. ते सगळं सोसलं. मग डॉक्टरांनी सांगितलं की पुढे किरणोत्सारी आयोडीन द्यावं लागेल, आणि त्याच्या दीड-दोन महिने आधीच बाळाचं दूध तोडायचं. पुन्हा पाजायचं नाही.

घरी आले त्याच दिवशी जावेनं मुलीला आपल्या खोलीत नेलं. भिंतीपलीकडे ती रडायची आणि इकडे माझा ब्लाउज भिजायचा. चौथ्या दिवशी रडणं थांबलं. "आता वाटीनं दूध पेते ते," जाऊ सांगून गेली. मला बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

आयोडीन घेतल्यावर अंगातून किरण बाहेर पडतात म्हणून दवाखान्यात एकटीची खोली, घरी आल्यावरही काही दिवस लेकरापासून लांब. अखेर तिला उचललं, तर ती अंग ताठ करून जावेकडे झेपावली. पुढं बोलायला लागली ती जावेच्या मुलांचं ऐकून. जावेला मम्मी म्हणते. मला काकी.

मागच्या तपासणीत रक्तातला कॅन्सरचा आकडा पुन्हा वाढलेला आला. आयोडीनचा आणखी एक डोस द्यायचं ठरलंय. मी भांडी घासता घासता रडत होते. जाऊ शेजारी येऊन बसली.

"काहून रडून राह्यली? पोरगी राहाते माह्याजवळ. तिची फिकर नको करू."

मुलीची फिकर मला नव्हतीच. ती माझ्यावाचून राहते, हे मला ठाऊक होतं.