वार्ताहराचे ‘समजते’

मुलांनो, “तुमच्या वेळी तरी बातम्या खऱ्या असायच्या का?” असं परवा तुम्ही मला फोनवर विचारलंत. म्हणून आमच्या शेजारच्या वार्ताहराविषयी लिहिते. नव्वदच्या दशकात तो शहापुरातून कल्याणच्या एका सांजदैनिकाला बातम्या पाठवी आणि प्रत्येक वाक्य ‘समजते’ने संपवी. आमदार आल्याचे समजते. सभा शांततेत पार पडल्याचे समजते. म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत त्याला बैलाने उडवले, तेव्हा छापून आले, ‘एका वार्ताहरास बैलाने धडक दिल्याचे समजते.’

मी विचारलं, “अरे, लागलं तुलाच ना?”

“काकू, बैलवाला आपलाच पेपर वाचतो. उद्या बोलला, माझा बैल नाय, तर?”

पुढे शेणवे गावापलीकडच्या एका पाड्यावर शाळेची नवी भिंत मुलांच्या अंगावर येईल इतकी कलली. बांधणारा कंत्राटदार त्या दैनिकाला जाहिराती देई. वार्ताहराने लिहिले, ‘भिंत पडणार आहे. मी स्वतः पाहिली.’ नेहमीचे ‘समजते’ असेल असे धरून संपादकांनी न वाचताच छापले.

आठवड्यात भिंत उतरवली गेली आणि याचे कामही गेले.

ते दैनिक कधीच बंद पडले. पाड्यावरची शाळा अजून भरते.