फळीच्या अलीकडे

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करतात. बोलायला लागले की त्यांना थांबवायचं बटण सापडत नाही, असं ताई म्हणते. पण साथीच्या दिवसांबद्दल त्यांनी कितीतरी महिने तोंड उघडलं नव्हतं. मग हळूहळू, तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. काही ताईला, काही मला. ते जोडून सांगते आहे.

शहर बंद होत होतं, पण लिफ्टचं काम अत्यावश्यक म्हणून त्यांना फिरायची परवानगी होती. त्या सकाळी एका जुन्या सात मजली इमारतीतून फोन आला. लिफ्ट मजल्यावर नीट थांबत नव्हती, ब्रेक झिजला होता. "जेवायला घरी येतो," असं ताईला सांगून ते निघाले.

गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत ते ब्रेक खोलून बसले होते, तेव्हा खाली गलका झाला. पहिल्या मजल्यावर कुणालातरी साथीचा आजार निघाला होता. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, त्यांनी फाटकाला साखळी घालून कुलूप लावलं. भाऊजी ग्रीसने माखलेल्या हातांनीच धावत खाली गेले.

"अहो, मी इथला नाही! मी लिफ्टच्या कामाला आलोय."

"आत आहात ना?" पांढऱ्या पोशाखातून आवाज आला. "मग आता इथलेच."

रखवालदाराची खोली फाटकाबाहेर होती, म्हणून रखवालदार सुटला आणि भाऊजी अडकले.

त्यांना घरात घ्यायला कोणी तयार नव्हतं, आणि त्यात नवल ते काय! सकाळपासून इमारतीत हिंडलेला, प्रत्येक मजल्याचं बटण दाबलेला परका माणूस. सेक्रेटरी म्हणजे चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ, विम्याच्या कचेरीत नोकरीला. त्यांनी दुरूनच, रुमाल नाकावर धरून सांगितलं, "तुम्ही वरच राहा. आणि रागावू नका, पण लिफ्ट वापरू नका."

लिफ्टवाल्यालाच लिफ्ट बंद!

मोटारीची खोली कशी असते ते मला ठाऊक नव्हतं. भाऊजींनी हातवारे करून दाखवलं. मध्ये मोटार, तिच्या बाजूला लोखंडी चाक, जमिनीला भोकं आणि त्यातून खाली उतरणारे दोर. उरलेल्या जागेत एक माणूस पाय दुमडून झोपू शकेल इतकीच फरशी. वर पत्रा. दिवसा तव्यासारखा तापायचा. दार लावलं तर जीव गुदमरायचा, उघडं ठेवलं तर डास फोडून काढायचे. अंघोळीला गच्चीवरच्या टाकीचा नळ. जिन्याच्या वरच्या पायरीवर कोणीतरी ताट ठेवून जायचं. कोण ते त्यांना कधी दिसलं नाही.

आणि मोटार. ब्रेक त्यांनी पहिल्याच दिवशी नीट करून दिला होता. कोणी बटण दाबलं की ती उशाशी खडबडून जागी व्हायची. "झोपेतसुद्धा मला कळायचं, लिफ्ट कुठल्या मजल्यावर चालली आहे," भाऊजी म्हणाले. "सगळं घर वरखाली होत होतं. मी मात्र तिथल्या तिथे."

मदतीची सुरुवात नासलेल्या दुधामुळे झाली. बाहेरची स्वयंसेवक मंडळी सकाळी फाटकाशी दूध, पाव, भाजी ठेवून जायची. पण इमारतीत बहुतेक म्हातारी माणसं. खाली उतरायला प्रत्येकजण घाबरायचा, दुसरा जाईल म्हणून वाट पाहायचा. दूध उन्हात फाटायचं. भाऊजींना गच्चीवरून ते दिसायचं आणि त्यांचे हात शिवशिवायचे. शेवटी त्यांनी मोटारीच्या खोलीतल्या इंटरकॉमवरून सेक्रेटरींना फोन लावला.

"साहेब, मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. पिशव्या तरी ठेवू का?"

मग ते रोज सकाळी जिन्याने खाली उतरायचे, हात धुऊन एकेका घराची पिशवी लिफ्टमध्ये ठेवायचे, जाळीचा दरवाजा ओढायचे आणि खालून ओरडायचे, "सहावा मजला, बटण दाबा!" लिफ्ट माणसाशिवाय वर जायची. सहाव्या मजल्यावरचे पिशवी काढून घ्यायचे. मग पुढचा मजला. एकदा तिसऱ्या मजल्यावाल्यांनी घाई करून दुसऱ्याचं बटर लाटलं, त्यावरून जिन्यात असं भांडण जुंपलं की इतक्या दिवसांत पहिल्यांदाच लोकांनी एकमेकांची तोंडं पाहिली.

त्यानंतर इंटरकॉम वाजायला लागला. नळ गळतोय. गॅसची शेगडी पेटत नाही. गोळ्या संपल्या. भाऊजी बंद दाराबाहेर बसून आतल्या माणसाला नळाचा वायसर बदलायला शिकवायचे. जी माणसं एकटी राहत होती त्यांना रोज सकाळी ते स्वतः फोन करायचे. ज्याने उचलला नाही, त्याचं दार जाऊन ठोठावायचे. पाचव्या मजल्यावर एक काका आणि काकू राहायचे, त्यांनाही ते फोन करायचे. काका फोनवर म्हणायचे, "आम्ही दोघं आहोत हो, आम्हाला कशाला फोन करता?" आणि मग दिवस उजाडल्यापासूनच्या सगळ्या गप्पा मारायचे.

माणसं आता "अहो लिफ्टवाले" असं प्रेमाने बोलावत होती. ताटात गोडाचं काहीतरी येत होतं. पण फाटकाचं कुलूप तसंच. एक बरा झाला की दुसरा आजारी पडायचा आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. भाऊजी गच्चीवर टाकीभोवती फेऱ्या मारायचे. दूरवर आमच्या ताईच्या गल्लीचं वळण दिसायचं, पण घर त्या वळणापलीकडे. "काही दिसलं नसतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "अर्धवट दिसणं फार वाईट."

मग ताईला ताप आला. ती फोनवर म्हणाली, "काही नाही हो, ठसका लागला." पण भाऊजींना मोटारीचा आवाज कळतो, तसा तिचाही कळतो. दुसऱ्या दिवशी तिला बोलताना धाप लागत होती. मी दुसऱ्या गावात, रस्ते बंद. घरात ती एकटी. भाऊजींनी सेक्रेटरींना विचारलं, पांढऱ्या पोशाखवाल्यांना विचारलं, फाटकाच्या गजांना धरून विनवण्या केल्या. उत्तर एकच, नियम आहे.

गच्चीवर रंगाऱ्यांनी टाकलेली एक जाड फळी होती. शेजारच्या इमारतीची गच्ची माणसाच्या उंचीएवढ्या अंतरावर. मधे खोल बोळ. भाऊजींची नजर त्या फळीवर होती हे त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. त्या दुपारी जेवणं होऊन सगळीकडे सामसूम झाल्यावर त्यांनी फळी दोन्ही कठड्यांवर टाकली, हत्यारांची पिशवी पाठीला बांधली आणि गुडघ्यांवर रांगत निघाले. खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलंच. पण पोचले.

ते त्या गच्चीवर उभे राहिले. समोर जिन्याचं दार सताड उघडं. खाली रस्ता, रस्त्याच्या टोकाला वळण, वळणापलीकडे ताई. त्यांनी दाराकडे पाऊल टाकलं आणि मागे घंटा वाजली.

ती लिफ्टमधली, बॅटरीवर चालणारी धोक्याची घंटा होती. कोणीतरी अडकलं होतं.

भाऊजी थांबले. सेक्रेटरी बघतील, त्यांनी स्वतःला सांगितलं. आणि लगेच त्यांना आठवलं, वीज नसताना ब्रेक सोडवायचा लोखंडी दांडा आपल्या पिशवीत आहे. आपल्या पाठीवर. घंटा थांबत नव्हती.

"किती वेळ उभे होतात?" मी विचारलं होतं.

"कोण जाणे. मला तर वाटतं, अजून उभाच आहे," ते म्हणाले.

ते परतले. येताना फळी जास्त हलली.

झालं होतं असं: पाचव्या मजल्यावरच्या काकूंना श्वास घेता येईना म्हणून रुग्णवाहिका बोलावली होती. अरुंद जिन्यावरून खुर्ची उतरवणं शक्य नव्हतं, म्हणून काकांनी काकूंना खुर्चीत बसवून लिफ्टमध्ये घेतलं. चौथा मजला ओलांडला आणि वीज गेली. सेक्रेटरी धापा टाकत गच्चीवर आले. त्यांनी फळी पाहिली, भाऊजींच्या पाठीवरची पिशवी पाहिली.

"दांडा तुम्ही धरा," भाऊजी म्हणाले. "मी 'सोडा' म्हटलं की दाबायचा, म्हणजे ब्रेक सुटेल; 'थांबा' म्हटलं की हात काढायचा. आत यावं लागेल साहेब. जवळ."

इतके दिवस रुमालाआडून बोलणारे सेक्रेटरी त्या भट्टीसारख्या खोलीत भाऊजींच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. लिफ्टच्या मागे समतोलासाठी जड वजन असतं. आत दोन सुकलेली म्हातारी माणसं, त्यांच्यापेक्षा ते वजन भारी. त्यामुळे ब्रेक सुटला की लिफ्ट वरच जायला बघायची. खाली न्यायची तर चाक अंगातल्या सगळ्या जोरानिशी उलटं ओढायचं.

"सोडा! ...थांबा. सोडा! ...थांबा."

जमिनीच्या भोकातून काकांचा आवाज आला, "कोण आहे हो वर?"

"मी आहे, काका! लिफ्ट हळूहळू येतेय खाली. काकूंना सांगा."

"सांगतो. ती म्हणतेय, एवढ्या वेळात आम्ही चालत गेलो असतो!"

सेक्रेटरी हसले आणि हसता हसता रडायला लागले. दांडा मात्र त्यांनी सोडला नाही. दोरावर रंगाने मजल्यांच्या खुणा केलेल्या होत्या. तळमजल्याची खूण चाकाशी येईपर्यंत भाऊजींच्या तळहातांची सालं निघाली. मग ते जिना उतरून धावले, जाळी उघडली, आणि रुग्णवाहिकेचा माणूस एकटाच होता म्हणून काकूंची खुर्ची त्याच्याबरोबर उचलली. काकूंचा श्वास त्यांच्या गालाला लागत होता.

रुग्णवाहिका काका-काकूंना घेऊन गेली. सेक्रेटरी लांबून म्हणाले, "गच्चीवर मी काही पाहिलेलं नाही. तुम्हाला जायचं तर जा."

भाऊजी वर गेले. फळी तशीच होती. आता अडवणारं कोणीच नव्हतं, आणि आताच जाता येत नव्हतं. काकूंचा आजार अंगावर घेऊन आधीच धाप लागलेल्या बायकोजवळ कसं जायचं? तिचा ताप साधाच असला तर? ते फळीच्या अलीकडे बसून राहिले. "कुलूप होतं तेव्हा निदान कुणाला शिव्या तरी देता येत होत्या," असं ते म्हणाले.

ताईने तो आजार एकटीने काढला. अगदी एकटीने नाही. शेजारीण, जिच्याशी तिचा सार्वजनिक नळावरून वर्षानुवर्षं अबोला होता, ती खिडकीत गरम जेवण ठेवायची आणि ताट परत आलं नाही तर खिडकीवर दगड मारायची. ताई अजून म्हणते, "काच फोडली मेलीने!" भाऊजींनाही नंतर ताप आला. तो त्यांनी मोटारीशेजारी अंगावर काढला. सेक्रेटरी दाराशी पाणी ठेवून तिथेच, थोडे दूर, गच्चीवर बसून राहायचे.

काकू वाचल्या. लिफ्टमध्ये खुर्ची धरून विनोद करणारे धडधाकट काका मात्र इस्पितळातून परत आले नाहीत. काकूंनी इंटरकॉमवर भाऊजींना ते स्वतः सांगितलं. दोघंही बराच वेळ फोन कानाला लावून होते.

फाटक उघडलं तेव्हा भाऊजी चालत घरी आले. ताईने दार उघडलं. वाळलेली, केस विस्कटलेले. एकमेकांना ओळखायला दोघांना एक क्षण लागला. मग ती म्हणाली, "जेवायला येतो म्हणाला होतात." आणि तिला रडू फुटलं.

पुढे ते कामावर गेले, पण लिफ्टची जाळी ओढली की त्यांना दरदरून घाम फुटायचा. आत उभं राहवेना. त्यांनी मालकाला तसं स्पष्ट सांगितलं. आता त्यांच्याकडे बाजारपेठेतले सरकते जिने आहेत. वर मोकळं, दोन्ही बाजूंना मोकळं. ताई परवा त्यांना डबा द्यायला गेली होती. म्हणाली, जिना दुरुस्त झालेला होता, तरी हे आपले त्याच्यावरून वर जाताहेत, खाली येताहेत, पुन्हा वर जाताहेत. तिने हाक मारली नाही. डबा मांडीवर घेऊन ती खाली बाकावर बसून राहिली.