दहा रिकाम्या ओळी

कुलुपं दुरुस्त करणारा माणूस संशयी नसेल तर दुसरं कोण असेल? चाळीस वर्षं लोकांची अडकलेली दारं उघडून देता देता आमच्या या कुलूपवाल्याचा कशावरच भरवसा राहिला नव्हता. दुकान बंद केलं की कुलूप तीनदा ओढून पाहायचा, चार पावलं जायचा आणि परत यायचा.

अशा माणसाची बायको साठीला आल्यावर इंग्रजी शिकायला लागली. शेजारच्या निवृत्त बाईंकडे, दुपारी तासभर. वही शिवणयंत्राच्या ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवरला कुलूप! झालं, याची झोप उडाली. मुलगी परदेशात. ही तिच्याकडे निघाली की काय, तेही न सांगता, कायमची? विचारायची मात्र छाती होईना.

मग जे येत होतं तेच त्यानं केलं. साबणाच्या वडीवर किल्लीचा ठसा घेतला, दुकानात दुसरी घासून काढली आणि ती शेजारी गेल्यावर ड्रॉवर उघडला.

शाळेतल्या जेमतेम इंग्रजीवर त्यानं वहीतल्या पानाचा अर्थ लावला. वर 'वॉन्ट' हे क्रियापद, खाली वीस आकडे. पहिल्या दहा ओळी भरलेल्या: नवऱ्याला चहा हवा, मुलीला फोन हवा, गिऱ्हाइकाला बाही सैल हवी. पुढच्या दहा 'आय वॉन्ट'नं सुरू होऊन तिथंच थांबलेल्या. कागद खोडरबरानं घासून पातळ झालेला. नक्की काहीतरी लिहून पुसलंय! त्यानं पान उजेडाकडे धरलं, तिरकं धरलं.

बाईंना बरं नव्हतं म्हणून ती लवकर परतली होती, आणि आता दारात उभी होती. पकडला गेला हा, आणि आवाजही यानंच चढवला.

"काय पुसलंस इथं?"

ती स्टुलावर बसली. बाईंनी दहा वाक्यं दुसऱ्यांची सांगितली होती, दहा स्वतःची. दुसऱ्यांची एका बैठकीत झाली म्हणाली.

"माझं काही सुचेचना हो. 'मला चहा हवा' लिहिलं. पण चहा तुम्हाला लागतो, मला कुठे आवडतो? पुसलं. आठ दिवस झाले. लाज वाटते, म्हणून कुलूप."

तो आठवायला लागला, हिला काय हवं असतं? गावातली निम्मी कुलुपं त्याला आतून पाठ होती. हिच्याबद्दल एक गोष्ट आठवेना. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं वही ओढून घेतली आणि सावकाश एक ओळ पुरी केली.

"काय लिहिलंस?"

"मला ती दुसरी किल्ली हवी," ती म्हणाली आणि तिनं हात पुढे केला.