फोन उठले ती सकाळ

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. बाहेरून आलेला प्रत्येक फोन आधी माझ्याकडे यायचा, मग मी तो ज्याचा त्याला जोडून द्यायचे. एक दिवस साहेब म्हणाले, "जुना बोर्ड काढायचाय. इंटरनेटवरचे फोन येतायत. तुम्ही आहातच, काळजी करू नका." त्यांनी असं म्हटल्यावरच मला काळजी वाटायला लागली. बदलापूरला घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात तेच.

फोन बसवायला उल्हासनगर कॅम्प चारमधून एक सिंधी गृहस्थ आले. साठीला टेकलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी जरा फणकाऱ्यातच बोलत होते, पण त्यांनी पहिला फोन माझ्याच हातात दिला.

"दीदी, हा तुम्ही लावा. इतके साल तुम्ही सांभाळलंय."

"याचा प्लग कुठाय?"

"प्लग नाहीच. एकच वायर. करंट पण त्यातून, आवाज पण त्यातूनच."

मी वायर भिंतीत खोचली. दिवा लागला, स्क्रीन उजळली, इंग्रजीत काहीबाही उमटायला लागलं.

"आता हा उठला," ते म्हणाले. "पहिले विचारतो, मेरा पता क्या? नेटवर्क त्याला पत्ता देणार. मग सर्व्हरकडून आपलं नाव, नंबर घेऊन येणार. मग एक्सचेंजमध्ये हजेरी लावणार. हजेरी लागली की फोन चालू."

मिनिटाभराने स्क्रीनवर माझा जुनाच नंबर आला. रिसीव्हर कानाला लावला, तर आत तीच ओळखीची घरघर. मला हसूच आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कॅन्टीनच्या मावशींचा फोन आला. पाहुण्यांची किती ताटं वाढायची, असं त्या विचारत होत्या. मागे खरखर ऐकू येत होती. "थांबा ताई, टेबल पुसत्ये," त्या म्हणाल्या आणि फोन बंद पडला. बघता बघता सगळ्या ऑफिसचे फोन बंद पडले. कॉम्प्युटरही अडकले. काही फोन बंद होऊन परत उठत होते, पण पत्ता मागण्यापाशीच थांबत होते.

सिंधी काका तासाभरात धावतपळत आले. सर्व्हरच्या खोलीत सगळे दिवे एकदमच फडफडत होते.

"कोणीतरी एका फोनची कॉम्प्युटरसाठीची वायरपण भिंतीत घातलीय," ते म्हणाले. "एकीकडून गेलेलं दुसरीकडून परत येतंय, गोल गोल फिरतंय. त्या गर्दीत बाकीच्यांना पत्ता कसा मिळणार? आता एकेक फोन बघावा लागेल."

"आधी कॅन्टीन बघू या," मी म्हटलं आणि मावशींचं बोलणं कसं तुटलं ते सांगितलं.

मावशी बारवी धरणाकडच्या पाड्यावरून रोज येतात. आम्हाला बघून त्यांचा चेहराच उतरला. फोनला मागे दोन खाचा असतात, एक भिंतीसाठी, एक कॉम्प्युटरसाठी. कॅन्टीनमध्ये कॉम्प्युटर नव्हता, पण त्याची वायर मात्र लावून ठेवलेली. आता तिचंही टोक भिंतीत होतं.

"ताई, मीच खोचली," मावशी म्हणाल्या. "लोंबत व्हती, भिंतीला भोक रिकामं व्हतं. मला वाटलं तिथलीच. काम जाईल का माझं?"

मी काही बोलायच्या आत काकांनी वायर उपटली. "मावशी, गलती माझी. ही वायर मी सोडायलाच नको होती."

मग आम्ही तिघं त्या फोनसमोर उभे राहिलो. दिवा लागला, पत्ता मिळाला, नंबर उमटला. मिनिटा-दोन मिनिटांत आवारात इथून तिथून रिंगा वाजायला लागल्या. लागतोय का बघायला प्रत्येक जण दुसऱ्याला फोन करत होता. साहेबांनी विचारलं तेव्हा काका एवढंच म्हणाले, "एक वायर माझ्याकडून जास्तीची राहिली होती. दीदींनी पकडली."

त्यानंतर साहेबांनी नव्या फोनांचं काम माझ्याकडेच दिलं. काकांनी दोन दुपारी बसून मला शिकवलं, नवा फोन कसा जोडायचा, नाव कसं बदलायचं. पन्नाशीत मी वही करून लिहून घेत होते, आणि मजा येत होती.

पहिलं नाव मी कॅन्टीनच्या फोनचं बदललं, तिथे मावशींचं टाकलं. मावशींना सगळे मावशीच म्हणायचे. नाव मलाही विचारून घ्यावं लागलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून स्क्रीनवर अक्षराखाली बोट ठेवून मी वाचून दाखवलं.

"पुरं नाव टाकलंत?" त्यांनी विचारलं.

"तुमचं आणि आडनाव. नवऱ्याचं मावलं नाही, जागा कमी होती."

"ऱ्हाऊ द्या मग," मावशी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.